मस्तानीच्या घराचं पुढे काय झालं?

नमस्कार मंडळी. आज बांद्याच्या नवाबांबद्दल बोलायचंय. सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे बरं का, उत्तर प्रदेशातलं, केन नदीकाठचं, बुंदेलखंडातलं. मस्तानी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचे डोळे चमकतात, नाटकं झाली, सिनेमा झाला, पाबळची कबर बघायला लोक जातात, पण तिच्या मुलाबाळांचं पुढे काय झालं हे विचारलं की चार माणसं पानिपतापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथून पुढे आहे.

पानिपतापर्यंतचं पटकन सांगतो. १७२९ मध्ये मोगलांचा सरदार महंमद खान बंगश याने बुंदेलखंडाचा राजा छत्रसालाला जैतपुरात कोंडलं, बाजीराव मदतीला धावला, त्या उपकारापोटी छत्रसालाने राज्याचा तिसरा हिस्सा दिला, आणि मस्तानी पुण्यात आली. १७३४ च्या सुमारास मुलगा झाला, समशेर बहादर. मुंज करायला ब्राह्मण तयार झाले नाहीत, मुलगा मुसलमान म्हणूनच वाढला, पण वाढला पेशव्यांच्या घरातच. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव रावेरखेडीला वारले, मागोमाग मस्तानी गेली, पोर सहा वर्षांचं. पुढे हाच समशेर पानिपतावर भाऊंच्या बरोबर लढला, जखमी होऊन भरतपूरच्या जाटांच्या मुलखात पोचला आणि तिथेच वारला. वय सत्तावीसच्या आसपास.

त्याचा मुलगा अली बहादर, म्हणजे बाजीरावांचा नातू. लालसोटच्या लढाईनंतर महादजी शिंदे अडचणीत आले, तेव्हा नाना फडणवीसांनी उत्तरेत जी कुमक पाठवली त्यात तुकोजी होळकरांबरोबर हा होता. तिकडे गेल्यावर हिंमत बहादर गोसावी, गोसाव्यांच्या फौजेचा सरदार, महादजींशी बिनसलं म्हणून याच्या आश्रयाला आला, महादजी म्हणाले माणूस माझ्या हवाली कर, याने नाही केला, मग बरीच वर्षं रुसवेफुगवे. (आपल्या लोकांची ही खोड काही नवी नाही.) पुढे या दोघांनी मिळून बुंदेलखंड जिंकायला घेतलं, एकेक गढी, एकेक राजा, आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात अली बहादर वारला. किल्ला तेव्हा हाती आलाच नाही.

आता इंग्रज येतात, आणि इथे जरा सावकाश जाऊया, कारण हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो.

३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली आणि तिच्या खर्चासाठी गुजरात-कर्नाटकातला मुलूख लावून दिला. मग वर्षभरात त्यात दुरुस्ती झाली, तिकडचा काही मुलूख परत घेतला आणि बदल्यात इंग्रजांना बुंदेलखंडातला सुमारे ३६ लाख उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. आता गंमत बघा, हा मुलूख पुण्यातल्या पेशव्याच्या हातात खऱ्या अर्थाने होताच कुठे? तो चुलतघराण्यातल्या अली बहादराने दहा-बारा वर्षं घोड्यावर बसून मिळवलेला. एका चुलतभावाने वीट वीट लावून बांधलेलं घर दुसऱ्याने पुण्यात बसून विकून टाकावं, तसला प्रकार. आणि विकलं कोणाला, तर कंपनीला.

अली बहादर गेला तेव्हा थोरला मुलगा दुसरा समशेर बहादर पुण्यात होता. तिकडे गनी बहादर नावाच्या नातलगाने धाकट्या झुल्फिकार अलीला, लहान पोराला, गादीवर बसवलं. समशेर धावतपळत गेला, गनीला कैद केलं, घर सावरलं. तोवर हिंमत बहादर, ज्याच्यासाठी बापाने महादजींचा राग ओढवून घेतला तोच गोसावी, सप्टेंबर १८०३ मध्ये शहापूरला इंग्रजांशी करार करून मोकळा झाला होता, फौजेच्या खर्चाला २० लाखांची जहागीर ठरवून. म्हणजे पेशव्याने कागदावर मुलूख दिला, घरच्या दोस्ताने इंग्रजांना नदीपलीकडून आत आणलं, आणि मधे उभा राहिला हा एकटा पोरगा. लढला. कर्नल पॉवेलच्या फौजेकडून हरला आणि १८०४ च्या सुरुवातीला तडजोड केली: सालाना चार लाखांचं पेन्शन, बांद्यात राहायचं, राज्य नाही.

लोक म्हणतात, बघा, पेन्शन घेऊन गप्प बसले. मी म्हणतो, ज्याच्या पायाखालची जमीन त्याच्याच धन्याने विकलीय त्याने आणखी काय करायचं होतं? पण हेही खरं की पुढची पन्नासेक वर्षं हे घराणं गप्पच होतं, उगाच त्यांना जन्मजात क्रांतिकारक करण्यात अर्थ नाही. १८२३ मध्ये समशेर गेला, झुल्फिकार अली आला, १८४९ ला तोही गेला आणि त्याचा मुलगा दुसरा अली बहादर नवाब झाला. बाजीराव-मस्तानीचा खापरपणतू.

आणि मग १८५७. १४ जूनला बांद्यातल्या शिपायांनी उठाव केला. त्या आधीच्या दिवसांत गोरे बायकापोरं घेऊन नवाबाच्या वाड्यात आश्रयाला आलेले. कलेक्टर मेन आणि बाकीचे त्या रात्री बांदा सोडून नागोदकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी कॉकरेल नावाचा जॉइंट मॅजिस्ट्रेट कर्वीहून आला, त्याला पत्ताच नाही रात्री काय झालं, आणि वाड्याच्या दारातच त्याला मारलं गेलं. नवाबाची अवस्था बघा, घरात आसऱ्याला आलेली माणसं, दारात प्रेत, अंगणात शिपाई म्हणतायत तुम्ही राज्य करा, आणि डोक्यात चार लाखांचं पेन्शन. पहिल्या दिवसापासून तलवार उपसून उभा राहिला असं चित्र मला पटत नाही. कचरला असणारच. पण कारभार हातात घेतला, फौज जमवली, बिहारहून निघालेले कुंवरसिंह बांद्यात आले, आणि हळूहळू परतीचे दोर कापले गेले.

१९ एप्रिल १८५८ ला मद्रासकडून आलेल्या जनरल व्हिटलॉकने बांद्याजवळ नवाबाचा पराभव केला. आता इथे खरं तर शरण जायला हरकत नव्हती, आसरा दिल्याचं पुण्य पदरात होतं, सांगता आलं असतं. तो शरण गेला नाही, तो काल्पीला गेला. आणि काल्पीला कोण होतं? नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे, तात्या टोपे, आणि झाशी पडल्यावर आलेली राणी. म्हणजे काशीबाईंच्या बाजूचं, दत्तक का होईना, पेशवे घराणं आणि मस्तानीच्या बाजूचं घराणं मे १८५८ मध्ये एका छावणीत, एका शत्रूसमोर. पुण्यात ज्याच्या मुंजीवरून घर फुटलं त्याचा वंशज इथे पेशव्यांच्या निशाणाखाली लढतोय. राणीने नवाबाला राखी पाठवली अशी गोष्ट बुंदेलखंडात सांगतात, ती गोष्ट म्हणूनच ऐका, पण मला विचाराल तर राखीची गरजच काय? झाशी काय आणि बांदा काय, दोन्हींचं मूळ छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या त्याच वाट्यात आहे. शनिवारवाड्यावर १८१७ ला युनियन जॅक चढला आणि पेशवाई संपली असं आपण शाळेत शिकतो, पण त्या घराची शेवटची लढाई इथे, यमुनेकाठी चालू होती.

२३ मेला काल्पी पडली. मग ग्वाल्हेर घेतलं, ते गेलं, राणी पडली. त्यानंतरही नवाब तात्या आणि रावसाहेबांबरोबर राजपुताना, माळवा असा पावसाळाभर पळत-लढत राहिला. १ नोव्हेंबरला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला, इंग्रजांच्या खुनात हात नसलेल्यांना माफी, आणि त्याच महिन्यात तो जनरल मिशेलकडे हजर झाला. तात्याला पुढच्या एप्रिलमध्ये शिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला, फाशी झाली, रावसाहेबांना १८६२ मध्ये कानपूरला. नवाब वाचला, आणि वाचला म्हणूनच बहुतेक आपल्या हुतात्म्यांच्या यादीत बसला नाही. त्याला इंदुरात ठेवलं, चार लाखांच्या जागी वर्षाला ३६ हजार, १८७३ मध्ये वारला.

एक राहिलंच. व्हिटलॉकने बांदा लुटलं आणि जूनमध्ये कर्वी घेतली. कर्वी म्हणजे अमृतराव पेशव्यांच्या वारसांचं ठिकाण, आणखी एक पेशवे शाखा, त्यांनी न लढताच दरवाजे उघडले तरी खजिना गेलाच. या लुटीत कोणाचा किती वाटा यावरून इंग्रज सेनापतींमध्येच जुंपली, झाशी-काल्पी घेणाऱ्या ह्यू रोझच्या फौजेला हिस्सा हवा, व्हिटलॉकचे लोक देईनात, आणि प्रकरण थेट लंडनच्या अॅडमिरल्टी कोर्टात गेलं. न्यायमूर्ती लशिंग्टन यांनी १८६६ मध्ये निकाल दिला, मोठा वाटा व्हिटलॉकच्या फौजेला. ज्याच्या वाड्यातून त्यातला माल निघाला होता तो अली बहादर तेव्हा इंदुरात होता, ३६ हजारांत घर चालवत.