दात शरीरात मोजत नाहीत

रात्रीचे अडीच वाजलेत. दिवसभर गप्प असलेली दाढ बरोब्बर आडवं पडलं की बोलायला लागते, कारण झोपल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि आत सुजलेल्या नसेला पसरायला जागाच नसते, चारी बाजूंनी दाताची टणक भिंत. म्हणून ही मुलगी उशीला टेकून बसलीय, एक हात गालावर, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर स्वतःच्या हेल्थ इन्शुरन्सची पॉलिसी वाचतेय. आयुष्यात पहिल्यांदाच. परदेशात येऊन वर्ष झालंय, हप्ता न चुकता कापला जातोय. पाय मोडला तर कव्हर आहे, अपेंडिक्स आहे, हार्ट अटॅकसुद्धा आहे. दातांसाठी मात्र एकच ओळ, अपघात सोडून बाकीचे उपचार यात धरलेले नाहीत.

म्हणजे काय, दात शरीरात मोजत नाहीत? बऱ्याच देशांत खरंच मोजत नाहीत, आणि ही भानगड आजकालची नाहीये.

१८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस या दोघांनी जगातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. दातांसाठी वेगळं कॉलेज आणि वेगळी डिग्री. तोवर दात उपटणं हे काम न्हाव्यापासून लोहारापर्यंत कोणीही करायचं, त्यामानाने ही मोठीच सुधारणा, पण त्यात दातांचा डॉक्टर आणि बाकी शरीराचा डॉक्टर यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या झाल्याच. पुढे विमा आला तोही बऱ्याच ठिकाणी याच दोन वाटांनी गेला.

ब्रिटनने १९४८ मध्ये एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, सुरू केली तेव्हा दात धरले होते हां, तेही फुकट. कवळ्यांसाठी लोकांची अशी झुंबड उडाली की तिजोरीला घाम फुटला आणि १९५१ मध्ये सरकारने कवळी आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरवलं. ज्या अन्यूरिन बेव्हनने ही योजना उभी केली होती त्याने त्यावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीवरून राजीनामा! ऑस्ट्रेलियाच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात मोठ्या माणसांचे दात आजही जवळपास नाहीतच. कॅनडात २०२४ पासून सरकारी डेंटल योजनेत उपचार मिळायला लागले, पण तिथला टॅक्स रिटर्न भरलेला हवा, उत्पन्न मर्यादेत हवं आणि दुसरा डेंटल विमा नको. उलट जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसालाही सरकारी विमा घ्यावाच लागतो, आणि त्यात दात येतात, साधारण ३० टक्के खर्च आपला. जर्मनीत तर एक छोटं बोनस-पुस्तक मिळतं. दरवर्षी दात तपासून आलात की त्यात शिक्का, आणि सलग ५ वर्षांचे शिक्के असले की कॅप किंवा ब्रिजसाठीची मदत ६० वरून ७० टक्के होते, १० वर्षांचे असतील तर ७५. तिथे नवीन राहायला गेलेल्या कितीतरी लोकांना हे पुस्तक माहीतच नसतं, आणि न केलेल्या तपासणीचा शिक्का मागाहून मिळत नाही.

आता कोणी म्हणेल वेगळा डेंटल विमा घ्या की. घ्या, पण आधी वाचा. अमेरिकेत नेहमी दिसणारी पद्धत १००-८०-५० ची, म्हणजे तपासणी आणि क्लीनिंग पूर्ण, फिलिंग ८० टक्के, कॅपसारखी मोठी कामं ५० टक्के, आणि वर्षाला कंपनी एकूण किती देणार त्याला वरून झाकण. शिवाय मोठ्या कामांना बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभराचा वेटिंग पिरियड. दाढ ठणकायला लागल्यावर विमा काढायला गेलात तर दात आहेत तर चणे नाहीत अशीच गत.

मग आपल्या मुलीने काय केलं? आधी एका क्लिनिकमध्ये गेली, तिथे दहा मिनिटांत एक्स-रे काढून रूट कॅनाल, कॅप आणि शेजारच्या तीन दातांची फिलिंग असं सगळं एका कागदावर छापून हातात दिलं, आकडा बघून ती थँक्यू म्हणून बाहेर आली. पण येताना एक शहाणपणा केला, एक्स-रेची कॉपी मागून घेतली. हे लक्षात ठेवा, कॉपी मागायची. दुसरीकडे पुन्हा एक्स-रेचे पैसे भरावे लागले नाहीत तर तेवढेच वाचले. आणि तिथल्या तिथे विचारायचं की यातलं आत्ताच करायला हवं असं कोणतं आणि सहा महिने थांबलं तर चालेल असं कोणतं. प्रामाणिक डॉक्टर याचं सरळ उत्तर देतो.

आणि आता ही जागा बघा. लांबलचक हॉल, दोन्हीकडे छोटे छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची आणि एक विद्यार्थी. हे डेंटल कॉलेजचं क्लिनिक. इथे फी खाजगी क्लिनिकपेक्षा बरीच कमी असते, कारण उरलेली किंमत तुम्ही वेळेच्या रूपात देता. बाहेर तासाभरात होणारं काम इथे अख्खी दुपार खातं. विद्यार्थी भूल देतो, थांबतो, हात वर करतो, सर येऊन बघतात. मग दाताभोवती निळं रबर ताणून बसवतो, त्याला रबर डॅम म्हणतात, म्हणजे थुंकी आत जायला नको आणि बारीक सुया घशात जायला नकोत. परत हात वर. दाताच्या मुळातली नळी मोजली, हात वर. तिच्या दाढेत तीन नळ्या निघाल्या, चौथी आहे का ते शोधण्यात चाळीस मिनिटं गेली, आणि ती होती! बाहेरच्या घाईत ती सापडली असती का, कोण जाणे. कंटाळा येतो, जबडा आखडतो, केस फारच अवघड असेल तर ते घेतही नाहीत. पण माझं मत विचाराल तर परदेशात स्वस्त आणि नीट या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली मिळायची शक्यता इथेच जास्त.

दुसरा मार्ग विमानाचा. घरी जाऊन करू, किंवा शेजारच्या देशात जाऊ. मेक्सिकोच्या सीमेवरचं लॉस अल्गोडोनेस हे गाव तर दातांवरच चालतं, लोक त्याला मोलर सिटी म्हणतात, आणि युरोपातले लोक हंगेरीला जातात. साध्या फिलिंगला, कॅपला हे जमून जातं. इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताला, मात्र एका सुट्टीत उरकू असं बहुतेक वेळा होत नाही, स्क्रू बसवल्यावर हाड त्याला घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने घेतं, आणि हाडाला तुमच्या रिटर्न तिकिटाशी काही घेणंदेणं नसतं. आणि आठवड्यात सगळं हसू बदलून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की माझे चांगले दात किती घासणार. काही ठिकाणी व्हेनियर, म्हणजे दाताच्या पुढून चिकटवायचा पातळ थर, असं सांगून क्राऊन म्हणजे अख्खी कॅप बसवतात, त्यासाठी धडधाकट दात चारी बाजूंनी कोरून बारीक करतात, आणि कोरलेला दात परत वाढत नाही.

एका गोष्टीत मात्र स्वस्त-महाग बघायचं नाही. गाल किंवा गळा सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर सरळ इमर्जन्सी गाठायची. आणि उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन दिवस ढकलायचे नाहीत, आतली नस सडलीय ती तशीच राहते, फक्त आवाज कमी होतो.

तिची ही तिसरी खेप. विद्यार्थ्याने आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक केलं. दुखतंय? ओठ बधिर आहे, तिने नुसती मान हलवली. सरांनी एक्स-रे बघितला, सही केली. मग त्याने निळा कागद दातांमध्ये धरला आणि म्हणाला, चावा. जिथे निळा ठिपका गडद उमटला तिथे थोडं घासलं. परत कागद. चावा.

चार महिने ती त्या बाजूने चावलीच नव्हती, त्यामुळे आधी तिने दुसऱ्याच बाजूने चावलं.