मागच्या रांगेतला ऑर्क

[दृश्य: स्पर्धेचं सभागृह. लांबच लांब टेबलं, रिकाम्या खुर्च्या.]

पहिल्या दिवसाची जेवणाची सुट्टी. खेळाडू बाहेर बर्गरच्या रांगेत आहेत, त्यांची चिमुकल्या पुतळ्यांची सैन्यं मात्र टेबलांवरच आहेत. सकाळपासून इथे फासे खुळखुळत होते, मोजपट्ट्या ताणल्या जात होत्या, नियमांवरून हुज्जत चालली होती. आता फक्त दोन माणसं फिरताहेत. एकाच्या हातात कागद लावलेलं पॅड, दुसऱ्याच्या हातात छोटा टॉर्च. हे रंगकामाचे परीक्षक. सुट्टी संपायच्या आत त्यांना हे अख्खं सभागृह बघून व्हायला हवं.

खेळ आहे वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड, टेबलावर छोट्या पुतळ्यांची सैन्यं लढवायचा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं तो १९८७ मध्ये बाजारात आणला. खोक्यातून तयार खेळणं निघत नाही, निघतात प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे हातपाय. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग खेळायला बसायचं. प्रत्येक सैनिकाची किंमत पॉइंटांत ठरलेली असते. स्पर्धेत साधारण २००० पॉइंटांचं सैन्य आणायचं असतं आणि एक डाव तीन तासांचा. स्पेस मरीन म्हणजे ह्या खेळातला चिलखतातला साधा सैनिक, तो उभा असतो ३२ मिलिमीटर व्यासाच्या गोल बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर. त्याच्या शिरस्त्राणातला डोळा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, आणि तो डोळा रंगवलाय की नाही, हे कोणीतरी तपासणार असतं.

[दृश्य: न रंगवलेले करडे सैनिक, शेजारी रंगवलेले.]

रंगवणं ही केवळ हौस राहिलेली नाही. २०२० मध्ये खेळाची नववी आवृत्ती आली आणि डावाच्या १०० गुणांपैकी १० गुण रंगवलेल्या सैन्यासाठी राखून ठेवले गेले. करडं प्लॅस्टिक घेऊन बसलात, तर कितीही चांगलं खेळा, मजल ९०च्या पुढे जात नाही. त्यावर बरीच आदळआपट झाली. लढाई डोक्यानं जिंकायची की ब्रशानं, असा प्रश्न विचारणारे होते, आजही आहेत. पण हे १० गुण म्हणजे फक्त उंबरठा. मुख्य भागांना रंग, बेसवर माती किंवा खडी, एवढं असलं की पूर्ण गुण. सुंदर आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही.

ते विचारलं जातं ‘बेस्ट पेंटेड’ पुरस्कारासाठी. आणि अनेक स्पर्धांमध्ये ‘बेस्ट ओव्हरऑल’साठीही, कारण तिथे लढाईचे आणि रंगाचे गुण एकत्र धरतात, कुठे कुठे खिलाडूवृत्तीचेही.

एक फरक इथेच सांगायला हवा. गेम्स वर्कशॉपची ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धा १९८७ पासून आहे. तिच्या सर्वोच्च विजेत्याला मिळते स्लेयर स्वोर्ड, चक्क हातात धरायची भलीमोठी तलवार. तिथे बहुतेक वेळा काचेच्या कपाटात एकच पुतळा असतो, त्यावर महिनेच्या महिने खर्ची पडलेले असतात. सैन्याचं तसं नाही. सैन्यात ६०, ८०, कधी १२० सैनिक. एकावर जीव ओतणारा चित्रकार १२०वर तो ओतेलच असं नाही, आणि मला विचाराल तर ह्या परीक्षणातली खरी मजा तिथेच आहे.

[दृश्य: परीक्षक टेबलापासून दोन पावलं मागे. मग वाकून बघतो.]

अनुभवी परीक्षक आधी जवळ जातच नाही. दोन पावलं मागे उभा राहतो. हे सगळे एकाच फौजेतले वाटतात का? मुख्य रंग दोन-तीनच आहेत की रंगपंचमी झालीय? नजर सेनापतीकडे जाते की भलत्याच रणगाड्यावर अडकते? मग तो वाकतो. नवखा असेल तर सेनापतीकडे बघतो, कारण मालकानं सगळं कसब तिथेच दाखवलेलं असतं. जुना असेल तर टॉर्च मागच्या रांगेवर मारतो.

समजा, सैन्य ऑर्कांचं आहे. हिरव्या कातडीची, सुळे बाहेर आलेली दांडगट जमात. रंगवणारे दहा-दहाचा घाणा घेतात: आधी सगळ्यांची कातडी, मग सगळ्यांचे पट्टे, मग सगळ्यांचे दात. पहिल्या घाण्यातल्या ऑर्कचा दात बघा. आधी हस्तिदंती रंग, मग वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग, त्यानं हिरडीपाशी काळपट सावली साचते, आणि शेवटी टोकावर पांढुरक्या रंगाचा ठिपका. तीन थर, आणि दात तांदळाच्या दाण्याहूनही लहान. आता आठव्या घाण्यातला ऑर्क बघा. हस्तिदंती रंग आहे, वॉश आहे, ठिपका गायब. त्याच्यामागच्याचा वॉश ओठावर ओघळलाय. त्याच्याही मागे जो उभा आहे, त्याचा पट्टा रंगवायचाच राहिलाय. स्पर्धेच्या आदल्या रात्री दोन वाजता हॉटेलच्या खोलीत काय चाललं होतं, हे त्या पट्ट्यावरून कळतं.

सैन्याची पातळी त्याच्या सर्वांत कच्च्या सैनिकावरून ठरवावी, असं मानणारे परीक्षक आहेत. मला ते पटतं, पण पूर्ण नाही. कारण मग पाच-सात मोठाले यंत्रमानव घेऊन येणाऱ्याचं फावतं. इम्पीरियल नाइट्सचं सैन्य असंच असतं: मोजके प्रचंड नाइट आणि काही छोटे. मागची रांगच नाही, तर कच्चा सापडणार कुठून? उलट त्या नाइटच्या चिलखताच्या पट्ट्या मोठ्या आणि सपाट, तिथे ब्रशाचा प्रत्येक फराटा उघडा पडतो. गर्दी रंगवणं सोपं की एवढी मोठी सपाटी? दोन परीक्षक ह्यावरून गुणपत्रक हातात धरून वाद घालताना दिसतील.

[दृश्य: गुणपत्रकाचा जवळून शॉट.]

गुणपत्रक वाद मिटवायला असतं, आणि नवे वाद तिथूनच सुरू होतात. त्यावर साधारण अशा गोष्टी असतात: सगळ्यांना किमान तीन रंग, बेस पूर्ण, सावली, कडांवरचा उजाळा, डोळे आणि रत्नं, हातानं काढलेली नक्षी, स्वतः फेरफार केलेली मॉडेलं. आहे, टिक करा. नाही, सोडा. फायदा असा, की कोणाला गुण कमी का मिळाले हे दाखवता येतं. तोटा असा, की तंत्र आहे की नाही एवढंच कळतं, ते जमलंय की नाही ते कळत नाही. चिलखताची प्रत्येक कड जाड फिक्या रेघेनं गिरवून कार्टूनसारखी केलेली असली, तरी उजाळ्याचा गुण मिळतोच. आणि ज्यानं जाणूनबुजून मळकट, धुळकट सैन्य केलंय, उजाळा मुद्दाम दाबलाय, त्याच्या हातून गुण निसटतात. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी यादी फक्त चाळणीसाठी वापरतात. त्यातून वर आलेल्या थोड्या सैन्यांसमोर परीक्षक पुन्हा उभे राहतात, पॅड काखेत मारून.

तिथे चलाखीही उघडी पडते. धातूचा रंग न वापरता, साध्या राखाडी-पांढऱ्या-निळ्या छटांनी तलवार चकाकती दाखवायची, हे ह्या कलेतलं नावाजलेलं तंत्र. फोटोत बघणाऱ्याचा श्वास अडकतो. पण त्यात प्रकाशाची दिशा चित्रकारानं ठरवून टाकलेली असते. टेबलावर सैनिक वळतो, आणि चकाकी भलत्याच बाजूला राहते. एकट्या पुतळ्याला हे चालतं. चाळीस सैनिकांच्या चाळीस तलवारींवर सूर्य चाळीस दिशांनी चमकू लागला, तर वाकून बघणाऱ्याला ते खुपतं.

[दृश्य: डिस्प्ले बोर्ड. भग्न कॅथेड्रल, पायऱ्यांवर सैन्य.]

सैन्य ज्या सजवलेल्या पाटावर मांडतात तो डिस्प्ले बोर्ड. ह्या मांडणीला केवढा मान असतो हे ज्याला बघायचंय, त्यानं अमेरिकेतली ‘अ‍ॅडेप्टिकॉन’ ही अशा खेळांची जत्रा बघावी. २००३ पासून ती शिकागोच्या परिसरात भरायची, २०२५ पासून मिलवॉकीला भरते. तिथल्या सांघिक स्पर्धेत चौघांची सैन्यं मिळून एकच देखावा उभा करतात: जहाज, किल्ला, कधी विजेचे दिवे, कधी धूर. देखाव्यानं डोळे दिपतात, म्हणून अनेक परीक्षक आधी सैन्याचे गुण लिहितात आणि मगच मान वर करून बोर्ड बघतात.

मग तो अवघड प्रश्न येतो: हे रंगवलंय कोणी? पैसे घेऊन सैन्य रंगवून देणारे स्टुडिओ जगभर आहेत, अगदी आपल्या शेजारी श्रीलंकेतही. तसं सैन्य घेऊन खेळायला सहसा कोणाची हरकत नसते, रंगकामाचं बक्षीस मात्र बहुतेक ठिकाणी स्वतः रंगवणाऱ्यालाच. दिवाळीतल्या किल्ले स्पर्धेत परीक्षक पोरांना विचारतातच, “हे तुम्ही केलंत की बाबांनी?” इथला परीक्षक तोच प्रश्न आडून विचारतो. हा गंज कसा आणलास? ह्या झग्याचा लाल कशावर चढवलाय? रंगवणारा माणूस दहा मिनिटं बोलायचा थांबत नाही, त्या रंगाच्या बाटलीचं नाव, तो कुठे फसला, कसं पुसलं, सगळं सांगतो. न रंगवणारा म्हणतो, “एअरब्रशनं.”

काल्पनिक विश्वाचं एक बरं असतं: ऑर्कचा हिरवा चुकलाय असं कोणी म्हणू शकत नाही. ऐतिहासिक सैन्यांचे परीक्षक त्या बाबतीत कमनशिबी. १८०३ ची असईची लढाई टेबलावर मांडणारे खेळाडू आहेत. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, दुसऱ्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हुकमतीत होत्या. त्यांच्या अंगरख्याचा रंग काय, पट्टे कुठल्या बाजूनं, निशाणाचा भगवा किती गडद, ह्यावर रंगवणारा आणि परीक्षक दोघंही आपापल्या पुस्तकांचे दाखले घेऊन भांडू शकतात. तिथे मग शहाणा परीक्षक रंग कसा लावलाय तेवढंच बघतो आणि कुठला लावलाय ते मालकावर सोडतो.

[दृश्य: निकालानंतर. परीक्षकाभोवती चार-पाच खेळाडू.]

निकाल लागला की ज्यांना काही मिळालं नाही ते परीक्षकाला गाठतात. भांडायला क्वचितच, बहुतेक जण शिकायला. प्रत्येकाला वाटत असतं, आता काहीतरी भारी तंत्र सांगतील, नव्या ब्रशाचं नाव सांगतील. परीक्षक एक सैनिक मालकाला विचारून उचलतो, आडवा धरतो आणि बेसच्या कडेवर बोट ठेवतो. वरची माती, वॉशचे ओघळ, रंगाआधी मारलेल्या प्रायमरच्या अस्तराचे फवारे सगळे तिथे उतरलेले. कड पूस, काळ्या रंगाचा एक सलग हात दे, सगळ्या सैन्याला, असं तो सांगतो. एका संध्याकाळचं काम आहे. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मग तो आपलाच सैनिक हातात घेऊन, फिरवून फिरवून, कड बघायला लागतो.