मदतकार्यातली रात्र आणि मच्छरदाणी

मित्रहो, परदेशात मदतकार्याला निघालेल्यांच्या सामानात बूट, टॉर्च, ओआरएस सगळं असतं. मच्छरदाणीचं मात्र 'तिकडे मिळेल की' म्हणून राहून जातं. तिकडे ती मिळेलही, पण ती तिथल्या गरोदर बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी आलेली असते. त्यातली एकही आपण उचलायची नाही. आपली आपण घेऊन जायची.

मोझांबिकचं उदाहरण घ्या. १४ मार्च २०१९च्या रात्री इदाई चक्रीवादळ बेइरा शहरावर धडकलं, पुंग्वे आणि बुझी नद्यांचं पाणी दूरवर पसरलं. पुराच्या लोंढ्यात डासांच्या अळ्याही वाहून जातात, म्हणून सुरुवातीला डास कमी वाटतात. मग पाणी ओसरतं, डबकी उरतात. उष्ण हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण एक ते दोन आठवडे पुरतात. म्हणजे स्वयंसेवकांची दुसरी तुकडी पोचते, तेव्हा डासांचा खरा सुकाळ सुरू झालेला असतो. तिथे पुढच्या काही आठवड्यांत हिवतापाचे हजारो रुग्ण झाले. आणि तिथला हिवताप बहुतेक फॅल्सिपेरम जातीचा, वेळेत उपचार झाले नाहीत तर मेंदूवर जाणारा.

हैतीत १२ जानेवारी २०१०ला भूकंप झाला. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेकडे तिथे लागण झालेले हिवतापाचे ११ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले सात मदतीसाठी गेलेले होते. आजारी स्वयंसेवक म्हणजे एक हात कमी आणि एक खाट अडलेली. हे मला फार लागतं, कारण ते टाळता येतं.

आता प्रत्यक्ष झोपायचं कसं? शाळेच्या हॉलमध्ये किंवा तंबूत छताला हुक नसतो. म्हणून चारही कोपऱ्यांना नाड्या असलेली चौकोनी मच्छरदाणी आणि भरपूर सुतळी घ्या, किंवा आपल्या काड्यांवर उभी राहणारी घडीची घ्या. एका टोकावर टांगायची गोल मच्छरदाणी अरुंद जागेत अंगाला चिकटते, आणि जिथे कोपर जाळीला टेकतं तिथे डास बाहेरूनच चावतो. म्हणून पायरेथ्रॉइड हे डासनाशक औषध लावलेली जाळी बरी. ती धुतल्यावर सावलीत वाळवा, उन्हात औषधाचा जोर जातो. अंधार पडायच्या आत कडा सतरंजीखाली चहूबाजूंनी खोचा, आत टॉर्च फिरवून कोपरे बघा. सुई-दोरा जवळ ठेवा. बंद तंबूत कॉइल लावू नका. धूर कोंडतो आणि आगीचीही भीती असते.

रात्रपाळी करून दुपारी आडवे होणाऱ्यांनी तर मच्छरदाणी मुळीच सोडू नये. हिवतापाचा डास अ‍ॅनोफिलिस रात्रीचा, पण डेंगीचा एडिस दिवसा चावतो.

मच्छरदाणी आहे म्हणून हिवताप टाळायच्या गोळ्या बंद, असं करू नका. मोझांबिकमध्ये क्लोरोक्विन या हिवतापावरच्या गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. कोणती गोळी घ्यायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. आणि परतल्यावर, अगदी काही महिन्यांनीही, ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना आधी गेलेल्या देशाचं नाव सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.