यू ह्वा वाचायलाच हवा

नमस्कार श्रोतेहो. आज यू ह्वा या चिनी कादंबरीकाराबद्दल बोलायचंय. जन्म १९६० चा, हांगचौचा, पण वाढला हाययेन नावाच्या छोट्या गावात. वडील सर्जन, घर हॉस्पिटललगत आणि समोरच शवागार, त्यामुळे रात्री-अपरात्री लोकांचं रडणं ऐकतच हे पोरगं मोठं झालं, आणि उन्हाळ्यात फारच उकडायला लागलं की तिथल्याच गारेगार सिमेंटच्या ओट्यावर जाऊन झोपायचं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीचा काळ होता, बहुतेक पुस्तकांवर बंदी, हातोहात चोरून फिरणारी जी काय पुस्तकं मिळायची त्यांची पुढची-मागची पानं गळालेली, मग शेवट काय झाला असेल ते हा स्वतःच डोक्यात रचायचा. लिहायची तालीम तिथेच सुरू झाली असं मला तरी वाटतं.

पुढे पाच वर्षं दाताचा डॉक्टर, दिवसभर लोकांचे दात उपटायचे. खिडकीतून दिसायचं, सरकारी सांस्कृतिक केंद्राची माणसं कामाच्या वेळेत रस्त्यावर निवांत फिरतायत. तिथे घुसायचं तर काहीतरी छापून यायला हवं, म्हणून हा कथा लिहायला लागला!

१९९३ ची त्याची ‘टू लिव्ह’ ही कादंबरी जगभर गाजली, चिनी दिग्दर्शक झांग यीमोने त्यावर सिनेमा केला, १९९४ ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात तो गौरवला गेला आणि चीनमध्ये मात्र त्याच्यावर बंदी आली.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती १९९५ ची, रक्त विकणाऱ्या शू सान्ग्वानची कादंबरी, ‘क्रॉनिकल ऑफ अ ब्लड मर्चंट’. रेशीम कारखान्यातला साधा कामगार. रक्त द्यायच्या आधी वाट्याच्या वाट्या पाणी प्यायचा, रक्त वाढतं म्हणे, आणि नंतर हॉटेलात बसून परतलेली कलेजी नि कोमट दारू मागवायचा. दुष्काळात घरात नुसती पातळ पेज, त्याच्या वाढदिवशीही तीच. रात्री सगळे अंथरुणात पडलेले, तेव्हा हा बाप तोंडानेच स्वयंपाक करतो बघा, धाकट्यासाठी डुकराच्या मांसाचे तुकडे कापतो, तळतो, सोया सॉस घालून मंद आचेवर शिजवत ठेवतो, आणि अंधारात बाकीच्यांचे आवंढे ऐकू आले की ओरडतो, हे त्याचं आहे, तुम्ही गिळायचं नाही! मग बाकीच्यांसाठीही एकेक पदार्थ, बायकोसाठी मासा. यू ह्वा इथे भुकेवर एक शब्दही भाषण देत नाही, त्याची गरजच पडत नाही, आणि म्हणूनच तो मला मोठा लेखक वाटतो.

थोरला मुलगा खरंतर दुसऱ्याचा, हे कळल्यावर त्याने त्या पोराला खूप छळलेलं असतं. तोच पोरगा कावीळ होऊन शांघायच्या हॉस्पिटलात पडतो, तेव्हा वाटेतल्या एकेका गावात उतरून रक्त विकत विकत हा बाप तिथवर जातो, मरायला टेकतो पण थांबत नाही.

अँड्र्यू जोन्सने केलेला इंग्रजी अनुवाद आहे, भाषा एकदम सोपी. यू ह्वा पहिल्यांदाच वाचणार असाल तर इथूनच सुरुवात करा. नमस्कार.