हक्कभंग म्हणजे नेमक्या कोणत्या हक्काचा भंग?

मंडळी, 'हक्कभंग' हा शब्द आपण दर अधिवेशनात ऐकतो. पण हा हक्क, म्हणजे सभागृहाचा आणि सदस्यांचा विशेषाधिकार, नेमका कोणता आणि लिहिलाय कुठे, असं विचारलं तर जाणकारही क्षणभर थांबतात. कारण त्याचा बराचसा भाग लिहिलेलाच नाही.

लिहिलेला भाग थोडका आणि स्वच्छ आहे. संसदेसाठी अनुच्छेद १०५, राज्य विधिमंडळांसाठी १९४. सभागृहातल्या भाषणाबद्दल किंवा मतदानाबद्दल सदस्याला कोर्टात खेचता येत नाही. हे संरक्षण हवंच. १६४२ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स पाच सदस्यांना धरायला सैनिक घेऊन कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, गेला होता. असा राजा, असं सरकार पुन्हा येऊ शकतं.

घोळ आहे तो पुढच्या खंडात. बाकीचे विशेषाधिकार कायद्याने ठरवावेत, तोवर ब्रिटिश कॉमन्सचे ते आपले, असं १९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेत लिहिलं गेलं. तो सर्वंकष कायदा आजतागायत झालेला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचं नाव काढलं, पण दुरुस्तीआधी जे अधिकार होते तेच चालू ठेवले. नाव गेलं, आशय राहिला.

याची किंमत केशव सिंह यांनी मोजली. गोरखपूरचे हे गृहस्थ. एका आमदारावर आरोप करणारं पत्रक काढलं म्हणून उत्तर प्रदेश विधानसभेने त्यांना समज दिली. तिथलं त्यांचं वागणं आणि अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सभागृहाला अवमानकारक वाटलं. मार्च १९६४ मध्ये सात दिवसांची कैद झाली. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला, तर विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन हजर करण्याचा ठराव केला! अखेर २८ न्यायाधीशांच्या पीठाने त्याला स्थगिती दिली आणि राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, की न्यायमूर्तींनी जामीन देऊन सभागृहाचा अवमान केलेला नाही. केशव सिंहांची याचिका मात्र पुढच्या वर्षी फेटाळली गेली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपण न्यायमूर्तींचं प्रकरण लक्षात ठेवतो आणि त्या माणसाला विसरतो.

ऑस्ट्रेलियाने १९८७ मध्ये कायदा केला. निव्वळ टीका किंवा बदनामी केली म्हणून बाहेरच्या माणसाला सभागृहाच्या अवमानाखाली शिक्षा करता येत नाही, आणि कैदेची कमाल मर्यादाही सहा महिने ठरवून दिली.

आपल्याकडे ही आखणी न्यायालयांना करावी लागते, आणि तिला वेळ लागतो. लाच घेऊन सभागृहात मत दिलं तरी खटला नाही, हा १९९८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी फिरवला तो मार्च २०२४ मध्ये. मधे २६ वर्षं गेली.

मग कायदा का होत नाही? मला एक कारण ठळक दिसतं. विशेषाधिकारांचा कायदा केला की तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासला जाईल, आणि सभागृहांना तेच नको आहे. मला मात्र तो नेमका त्यासाठीच हवा आहे. पत्रक छापण्याआधी केशव सिंहांना एखादं कलम उघडून वाचता आलं असतं, की काय लिहिलं तर आपण तुरुंगात जाऊ.