अल निनो आला म्हणजे पंचगंगा गप्प बसते असं नाही

हे बघा, पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर सकाळी उठल्या उठल्या काय बघतो तर पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि मग ग्रुपवर सुरू, यंदा अल निनो हाय, कुठला पूर येतोय! अल निनो म्हणजे पॅसिफिक महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, आणि तसं झालं की आपल्याकडं पाऊस कमी, असा हा हिशोब. माझं म्हणणं एवढंच की हा हिशोब इतका सरळ नाही, आणि सगळ्या काळात सारखाही नाही.

गिल्बर्ट वॉकर नावाचा इंग्रज १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. माणूस गणितातला, हवामानाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. १८९९ चा दुष्काळ लोक विसरले नव्हते, मान्सूनचा अंदाज हवा होता, मग यानं जगभरातल्या ठाण्यांचे दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे गोळा केले आणि कारकून बसवून हातानं हिशोब करून घेतले, कॉम्प्युटर कुठले तेव्हा. त्यातून दिसलं की पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडं उतरतो आणि इकडं चढला की तिकडं उतरतो, सी-सॉ सारखं. त्याला त्यानं सदर्न ऑसिलेशन म्हटलं. आज आपण ते ताहिती आणि डार्विन या दोन ठिकाणच्या दाबातल्या फरकावरनं मोजतो. अल निनोच्या पाण्याशी त्याची नीट सांगड मात्र १९६९ मध्ये ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञानं घातली, तोवर वॉकर जाऊन दहा वर्षं झालेली.

आता आपल्याकडचा वारा. दक्षिण हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, जास्त दाबाचा मोठा प्रदेश असतो, मस्करीन हाय. तिथनं हवा निघते, विषुववृत्त ओलांडते, सोमालियाच्या किनाऱ्यावरनं वळते आणि अरबी समुद्राची वाफ घेऊन थेट सह्याद्रीवर आदळते. गगनबावड्याला कोसळतो तो हाच पाऊस. नदीच्या खालच्या अंगाला शिरोळला पाऊस त्या मानानं फारच कमी, पण सगळं पाणी शेवटी तिकडंच जातं, त्यामुळं बुडायला तेच पुढं.

म्हणजे दाबाची केंद्रं एकाहून जास्त, आणि ती कधी एकमेकांना साथ देतात, कधी नाही. १९९७ चा अल निनो विसाव्या शतकातल्या सगळ्यात तगड्यांपैकी, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा त्यापेक्षा कितीतरी साधा, आणि पाऊस १९ टक्क्यांनी कमी! १९९७ ला हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली होती, त्यानं बरंच सावरलं असं मानतात. २०१९ बघा, वर्षाची सुरुवात कमकुवत अल निनोत, जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट, ग्रुपवाले निवांत, आणि ऑगस्टात कोल्हापुरात केवढा महापूर आला ते तुम्हाला मी सांगायला नको.

यावर आणखी एक थर आहे, दशकांचा. १९७६-७७ च्या सुमारास उत्तर पॅसिफिकमधला अल्यूशियन बेटांजवळचा हिवाळी कमी दाब आणखी खोल गेला, समुद्राचं तापमानही बदललं आणि तो कल पुढं वीसेक वर्षं टिकला. पुढं १९८० नंतरचे आकडे बघताना शास्त्रज्ञांना दिसलं की अल निनो आणि आपला मान्सून यांचं जुनं नातं सैल झालंय. कुणी म्हणतं तापमानवाढ, कुणी म्हणतं नुसता योगायोग, दीडशे वर्षांच्या आकड्यांत असले चढउतार यायचेच. मला दुसरी बाजू अगदीच टाकाऊ वाटत नाही. वॉकरलाही हाच त्रास झाला होता, एका काळात जमणारं समीकरण पुढच्या काळात त्याच ताकदीनं जमेना.