कालव्याकाठचे जुने घर

श्रोतेहो, नमस्कार.

जुने घर दुरुस्त करणे ही एक गोष्ट आणि कालव्याकाठचे जुने घर दुरुस्त करून त्यात नांदणे ही निराळी गोष्ट. आपल्या नाशिक परिसरात अशी घरे पुष्कळ आहेत. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, आडगावच्या बाजूने जातो. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेले गोदावरीचे दोन्ही कालवे पुढे अहिल्यानगर जिल्ह्यात उतरतात. पालखेडचा कालवा येवल्याकडे पाणी नेतो. या कालव्यांच्या काठी मळ्यामळ्यांत दगडी जोत्यांची, कौलारू घरे आजही दिसतात. त्यांतली बरीच कुलूपबंद आहेत, कारण पुढची पिढी शहरातल्या फ्लॅटमध्ये राहते. मात्र काही कुटुंबे आता परत येऊ लागली आहेत आणि आम्ही त्यांच्यापैकीच एक आहोत. मखमलाबादच्या शिवारातले, माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले घर आम्ही दुरुस्त करून घेतले आणि तिथे राहायला आलो. त्या अनुभवातून एकच गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. कालव्याला पाणी केव्हा येते, ते कुठून झिरपते आणि कुठे जाते, हे नीट समजून घेतल्याशिवाय अशा घराच्या एकाही भिंतीला हात लावू नये.

आमचे घर कालव्यापेक्षा जुने आहे. गंगापूरचे मातीचे धरण 1965 साली पूर्ण झाले. घर त्याच्या कितीतरी आधीचे. ज्यांनी ते बांधले त्यांना आपली जमीन चांगली ठाऊक होती. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, म्हणून त्यांनी पाया काळ्या मातीत न ठेवता खाली मुरमापर्यंत नेला. वर काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, आत सागवानी खांब, प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा, आणि छपराला मंगलोरी कौले. पावसाचा विचार करून बांधलेले हे घर पावसात कधी अडचणीत आले नाही. पण पुढे कधी घराच्या वरच्या अंगाने पाट जाईल, हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणार?

कालव्याची रचना इथे थोडी समजून घेऊ. कालव्याचे पाणी उताराने वाहते, परंतु तो उतार अतिशय सौम्य ठेवलेला असतो, म्हणून कालवा जमिनीच्या साधारण एकाच उंचीची रेषा धरून वळणावळणाने पुढे जातो. त्याच्या एका अंगाला जमीन चढत जाते आणि दुसऱ्या अंगाला नदीच्या दिशेने उतरत जाते. उताराकडची ही जमीन म्हणजे कालव्याचे लाभक्षेत्र. दारे उघडली की चारीतून पोटचारीत आणि पोटचारीतून शेतात पाणी जाते ते याच बाजूला. आमच्याकडे कालवा उत्तरेला, नदी दक्षिणेला आणि घर या दोहोंच्या मधल्या उतारावर आहे. कालवा भरून वाहत असतो तेव्हा त्यातल्या पाण्याची पातळी आमच्या माजघराच्या फरशीपेक्षा वर असते. मातीच्या भरावातून पाझरलेले पाणी अगदी सावकाश, पण न थांबता, उताराने खाली येते आणि वाटेत आमचा पाया लागतो. कालव्याकाठी घर घेऊ पाहणाऱ्याने पहिली चौकशी हीच करावी की घर कालव्याच्या चढाच्या अंगाला आहे की उताराच्या. बाकी सगळे त्यानंतर.

दुसरी गोष्ट काळाची. आपल्याकडे सिंचनाचे वर्ष 1 जुलैला सुरू होते. 14 ऑक्टोबरपर्यंत खरीप, 15 ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर रब्बी आणि 1 मार्चपासून 30 जूनपर्यंत उन्हाळी हंगाम, असे त्याचे भाग आहेत. ऑक्टोबरच्या मध्याला धरणात किती साठा आहे ते पाहून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत किती आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, द्यायची ते ठरते. याचा घराशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध असा की इतर घरांना ओल येते ती पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर ती घरे सुकू लागतात. आमच्यासारख्या घराला मात्र ऐन थंडीत आणि ऐन उन्हाळ्यात, बाहेर सगळे कोरडे ठणठणीत असताना, खालून पाणी चढते. पाट सुटला की काही दिवसांनी विहिरीचे पाणी वर येते आणि त्याच सुमारास उत्तरेकडच्या भिंतीचा खालचा भाग गडद दिसू लागतो. विहीर आणि भिंत एकाच पाण्याची खबर देतात. आवर्तन बंद झाले की दोन्ही हळूहळू खाली येतात.

ही ओल एकटी येत नाही. जमिनीतले क्षार ती बरोबर घेऊन येते. विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढते, भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढले की विटेचा पापुद्रा सुटतो, भिंतीवर पांढरी भुकटी दिसते आणि बोट फिरवले तरी माती गळते. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. मूळ चुन्याच्या गिलाव्यातून ओल सहज बाहेर पडत असे, त्यामुळे लोणा आला तरी तो गिलाव्यावर येई आणि काही वर्षांनी तेवढा गिलावा खरवडून नवा केला की वीट शाबूत राही. गिलाव्याने झिजावे आणि विटेने टिकावे, अशी ती जुनी योजना होती. मध्यंतरी केव्हातरी, घर पक्के व्हावे या चांगल्या हेतूनेच, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला गेला आणि त्यावर तैलरंग चढला. त्याबरोबर ओल बाहेर पडण्याचा मार्गच बंद झाला. ती भिंतीत आणखी वर चढली, जिथे पूर्वी कधी पोहोचली नव्हती तिथपर्यंत, आणि सिमेंटच्या पापुद्र्यामागे विटांचा भुगा होत राहिला. वरून भिंत गुळगुळीत दिसत होती. ठोकून पाहिल्यावर ती पोकळ वाजत होती. जुन्या घरांवर सिमेंट थापण्याची ही सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की दुरुस्ती म्हणजे सिमेंट असेच आपण धरून चालतो, आणि त्यापायी किती चांगल्या भिंती आतून संपल्या असतील याचे मला मनापासून दुःख होते.

म्हणून आम्ही कामाचा क्रम असा ठेवला की आधी पाण्याची वाट, मग भिंत, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी. घराच्या उत्तरेला, जोत्यापासून थोडे अंतर सोडून, चर खोदली. ती दगडगोट्यांनी भरली आणि तिचा उतार घराला वळसा घालून पश्चिमेच्या ओघळीकडे काढून दिला. कालव्याकडून येणारे पाझराचे पाणी आता पायाशी न थांबता या चरीत उतरते. ही चर पायाला चिकटून किंवा पायापेक्षा खोल खोदू नये, कारण तसे केल्यास पायाखालची मातीच मोकळी होते. हे आमच्या गवंड्यांनी पहिल्या दिवशी बजावले होते. जोत्याभोवती कोणी हौसेने घातलेला सिमेंटचा कोबाही काढून टाकला. कोब्याखाली अडकलेले पाणी भिंतीशिवाय दुसरीकडे कुठे जाणार?

त्यानंतर सिमेंटचा गिलावा कमरेच्या वरपर्यंत उतरवला आणि भिंती तशाच उघड्या ठेवल्या. या काळात घर फार उदास दिसते आणि येणारेजाणारे काम थांबले का म्हणून विचारतात; पण भिंतीला सुकायला जो वेळ लागतो तो द्यावाच लागतो. भुगा झालेल्या विटा एकेक करून काढल्या आणि त्याच मापाच्या, पाडलेल्या घरांतून मिळालेल्या जुन्या भाजीव विटा चुन्यात बसवल्या. कळीचा चुना हौदात विझवून पाण्याखाली मुरवत ठेवला. त्यात वाळूबरोबर विटांची बारीक भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली, कारण सुरखीचा चुना ओलसर जागीही घट्ट होतो, नुसता चुना तिथे लवकर धरत नाही. गिलाव्यात तागाचे बारीक तुकडे घातले. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याची जुनी रीतही आमच्या गवंड्यांना ठाऊक होती आणि माजघराच्या भिंतींसाठी त्यांनी ती पाळली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होत जातो आणि त्याला महिने लागतात, म्हणून गिलावा पातळ थरांत करावा लागतो आणि प्रत्येक थर उन्हापासून जपत, पाणी शिंपत ठेवावा लागतो. वरून चुन्याचीच सफेदी दिली.

असे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, पण नाशिकमध्ये ते नाहीत असे नाही. 1756 साली बांधलेले सुंदरनारायण मंदिर आपल्याच शहरात आहे, सराफ बाजाराजवळ सरकारवाडा आहे. दगड, चुना आणि सागवान यांची जुनी कामे कशी असतात हे पाहायला दूर जावे लागत नाही. जुन्या वास्तूंच्या संवर्धनाच्या कामावर ज्यांचे हात बसले आहेत, अशांकडे चौकशी करावी. घर लहान असले तरी ही माणसे येतात, आणि आपुलकीने काम करतात.

लाकडाविषयी थोडक्यात सांगते. सागवान एरवी वाळवीला दाद देत नाही, पण सतत ओल्या राहिलेल्या खांबाचे तळ कुजतात. आमच्या दोन खांबांचे असे झाले होते. तुळईला टेकू आणि जॅक देऊन भार उचलला, कुजलेला तेवढाच भाग कापला, जुन्या सागाचा तुकडा लांब तिरका सांधा करून जोडला आणि खांब पुन्हा तळखड्यावर बसवला. तळखडा फरशीच्या वर उघडा राहील हे पाहिले, कारण दगड आणि लाकूड यांचा सांधा जिथे मातीत किंवा कोब्यात गाडला जातो तिथेच कूज सुरू होते. लाकडाला रंग न देता जवसाचे तेल दिले.

आता राहण्याविषयी. फ्लॅटमधून आल्यावर पहिले काही महिने अवघड जातात, हे सांगितले पाहिजे. उत्तरेच्या भिंतीला लाकडी कपाट टेकवून चालत नाही. मागे हवा खेळेल इतके अंतर ठेवावे लागते. धान्याची कोठी दक्षिणेच्या खोलीत हलवावी लागली. आवर्तन चालू असताना दुपारी खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि संध्याकाळी लवकर लावून घ्यायच्या, कारण डास तेव्हाच येतात. खरे म्हणजे वाहत्या पाण्यात डास वाढत नाहीत. आवर्तन बंद झाल्यावर कालव्याच्या तळाशी जी डबकी राहतात त्यांत ते वाढतात. म्हणून पाट बंद झाल्यानंतरचे आठ-दहा दिवस जास्त जपावे लागते. पण जानेवारीच्या कडाक्यात जाड भिंतींच्या आत जी ऊब राहते आणि एप्रिलच्या दुपारी पंखा लावावासा वाटत नाही असा जो गारवा राहतो, तो मी शहरात कधी अनुभवला नव्हता. पाणी असेपर्यंत काठावर बगळे, खंड्या आणि धोबी पक्षी येत राहतात. कालव्यांसाठी अडवलेल्या पाण्यानेच नांदूरमध्यमेश्वरला पाणपक्ष्यांचे घर मिळाले आणि 2020 साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, हे आपण जाणताच.

कालव्याचा काठ मात्र आपला नव्हे, आणि काठावर राहणाऱ्याने ही गोष्ट सगळ्यांत आधी मान्य केली पाहिजे. भराव आणि त्यावरची वाट जलसंपदा विभागाच्या मालकीची आहे. परवानगीशिवाय मोटार लावून पाणी उचलता येत नाही, भराव उकरून पायऱ्या करता येत नाहीत. मोठी झाडेही भरावावर लावू नयेत, कारण त्यांची मुळे मेली की मातीत पोकळ्या राहतात. खेकडे आणि उंदीर भराव पोखरतात ते वेगळेच. काठावरचे घर उलट एक मोठे काम करू शकते. भरावाच्या पायथ्याशी नवी ओल दिसली तर तिच्याकडे रोज लक्ष ठेवावे. पाझराचे पाणी स्वच्छ असेल तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. पण ते गढूळ येऊ लागले तर त्याचा अर्थ पाणी आतली माती घेऊन बाहेर पडते आहे आणि भरावात पोकळी तयार होते आहे. अशी पोकळी वाढत जाते आणि एके रात्री भगदाड पडते. तेव्हा गढूळ पाझर दिसताच, वेळ न पाहता, पाटकऱ्याला, म्हणजे कालव्यावरच्या कर्मचाऱ्याला, किंवा विभागाच्या शाखा कार्यालयाला कळवावे. आमच्याकडे पाटकऱ्याचा फोन नंबर स्वयंपाकघराच्या दाराशी लिहून ठेवला आहे.

मुलांविषयीही कळकळीने सांगते. कालव्याचे पाणी संथ दिसते, पण त्याला ओढ असते आणि अस्तर केलेल्या काठांवर शेवाळ धरलेले असते. पडलेल्या माणसाला धरायला काही मिळत नाही. आमच्या अंगणाच्या उत्तरेच्या कुंपणाला फाटकच ठेवलेले नाही, आणि ओट्यावर एक लांब बांबू व दोर कायम असतो. बुडणाऱ्याच्या मागे उडी न टाकता त्याच्याकडे दोर फेकायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांनाही, आम्ही सांगतो.

ज्यांच्या मनात असे घर दुरुस्त करायचे आहे त्यांनी काम काढण्यापूर्वी त्या घराजवळ निदान एक आवर्तन काढावे. पाट सुटण्याआधी आणि सुटल्यानंतर विहिरीचे पाणी मोजावे, भिंतीवर ओल जिथपर्यंत चढते तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, आणि मग गवंड्यांशी बोलणी करावी. आमच्या उत्तरेच्या भिंतीवर अशा खुणा आहेत. चर झाल्यानंतरची खूण आधीच्या खुणेपेक्षा बरीच खाली आहे, पण ओल अजून पुरती गेलेली नाही. त्या भिंतीचा बाहेरचा गिलावा म्हणूनच अद्याप केलेला नाही. पहिले उन्हाळी आवर्तन संपून भिंत सुकली की गवंडी त्या कामाला येणार आहेत.

नमस्कार.